आयशॅडोच्या ब्रशामागचं गाव: कुमानो

आयशॅडो नीट पसरत नाही, पापणीवर डाग डाग दिसतात, अशी तक्रार आली की बोट आधी पॅलेटकडे जातं. माझं मत असं की निम्म्याहून जास्त वेळा दोष ब्रशाचा असतो, आणि त्यातही ब्रशाच्या केसांच्या टोकांचा. या टोकांची जाण ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या जपली, ते जपानातलं कुमानो. हिरोशिमा शहराजवळ, डोंगरांच्या कुशीतलं, जेमतेम पंचवीस हजारांच्या आतली वस्ती. जपानात तयार होणाऱ्या ब्रशांपैकी सुमारे ८० टक्के ब्रश इथे बनतात. पण या गावाचा मूळ धंदा मेकअपचा नव्हता. इथे अक्षरं लिहिण्याचे कुंचले होत.

कुमानोत शेतीला जमीन थोडी. एडो काळाच्या, म्हणजे शोगुनांच्या राजवटीच्या (१६०३–१८६८), शेवटी इथले शेतकरी हंगाम संपला की पोटासाठी बाहेर पडत, नारा या जुन्या राजधानीच्या शहरात आणि आसपासच्या भागात मजुरी करत आणि परतताना तिथले कुंचले नि शाई विकत घेऊन वाटेतल्या गावांत विकत. दुसऱ्याने केलेला माल किती दिवस विकायचा? १९व्या शतकाच्या पूर्वार्धात गावातल्या काही जणांनी आरिमा (आजच्या ह्योगो प्रांतातलं गाव) इथे आणि हिरोशिमाच्या कारागिरांकडे राहून ही कला शिकून घेतली आणि गावात आणली. १८७२ मध्ये जपानने आधुनिक शाळा सुरू केल्या. सुलेखन शाळेतच शिकवलं जाई, त्यामुळे कुंचला मुलांच्या हाती आला. कुमानोची भरभराट झाली ती या मुलांमुळे.

मग युद्ध आलं. जपान हरला आणि अमेरिकी ताब्याच्या काळात, १९४७ मध्ये, प्राथमिक शाळेतून कुंचल्याने लिहिण्याचा विषय काढून टाकला गेला. पुढे तो परतला, पण मधल्या काळात गावाचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं होतं. हात बसलेले होते, हत्यारं होती, केसांची पारख होती, फक्त मागणी नव्हती. १९५०च्या दशकात कुमानोचे कारागीर चित्रकलेच्या आणि मेकअपच्या ब्रशांकडे वळले. आज व्यावसायिक मेकअप आर्टिस्ट ज्या ब्रशांसाठी पैसे साठवतात, त्यांच्या मुळाशी शाळेचा हा बदललेला अभ्यासक्रम आहे. मला या सगळ्या इतिहासातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

सुलेखनाच्या कुंचल्याने मेकअपला काय दिलं, हे कारागिराच्या पाटाशी बसल्याशिवाय कळत नाही. जनावराच्या केसात तेलकटपणा असतो. तो काढायला केसांवर भाताच्या तुसाची राख भुरभुरतात, वरून गरम इस्त्री देतात आणि मग हरणाच्या कातड्यात गुंडाळून केस चोळतात. त्यानंतरचं काम डोळे आणि बोटांचं. उलटे लागलेले, टोक तुटलेले केस एका बोथट सुरीच्या पात्यावर अंगठ्याने धरून एकेक उपसून काढायचे. मेकअपच्या ब्रशात पुढची पायरी निर्णायक असते. उरलेले चांगले केस टोकं खाली करून ‘कोमा’ नावाच्या लाकडी साच्यात सोडतात आणि साचा हलकेच आपटत राहतात. केस आपोआप बसत जातात आणि साच्याच्या पोकळीचा गोलवा किंवा निमुळतेपणा ब्रशाला येतो. आकारासाठी कात्री लावत नाहीत. साध्या ब्रशात नेमकं उलटं होतं: केस आधी बांधतात, मग कापून आकार देतात.

न कापलेला केस टोकाकडे बारीक होत जातो. तो त्वचेवर वाकतो, टोचत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट आणि कडक असतं. गालावर हे खपून जातं, पापणीवर नाही, कारण तिथली त्वचा शरीरातली सर्वांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. टोचणाऱ्या ब्रशाने चार वेळा घासलं की पापणी लाल होते आणि खाली लावलेला रंगही उचकटून निघतो.

केस कोणाचे, यावर बाकीचं ठरतं. नैसर्गिक केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात, त्यात पावडर धरली जाते आणि थोडी थोडी सुटते. बकरीच्या केसात जोर असतो, तो रंग चांगला उचलतो. खारीचे केस अतिशय मऊ, रंग हलका बसवतात, कडा विरघळवायला उत्तम, पण ते नाजूक असतात आणि क्रीमने खराब होतात. कृत्रिम धागा गुळगुळीत असल्यामुळे क्रीम, जेल, लिक्विड पीत नाही, म्हणून त्या कामाला तोच हवा. पूर्वी पावडरसाठी तो कमी पडायचा. आता टोकाकडे बारीक केलेले धागे मिळतात आणि हे अंतर बरंच मिटलं आहे. प्राण्यांचे केस नकोत ही मागणीही वाढली. मॅक या मेकअप ब्रँडचा २१७ क्रमांकाचा हा सगळ्यांना ठाऊक असलेला ब्लेंडिंग ब्रश आधी बकरीच्या केसांचा होता, आता कृत्रिम धाग्याचा येतो.

कुमानोचं नाव जपानभर घरोघरी गेलं ते २०११ मध्ये. जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकला, सरकारने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला आणि सोबत भेट म्हणून कुमानोच्या मेकअप ब्रशांचा संच दिला. त्यानंतर गावाकडे ऑर्डरींची रांग लागली.

आपल्याकडे डोळ्यांच्या शृंगाराला ब्रश लागतच नव्हता. काजळ बोटाने, सुरमा सळईने. आता मात्र नैसर्गिक केसांचा ब्रश घेताना एक गोष्ट लक्षात असू द्या: भारतात मुंगसाच्या केसांचे ब्रश, मुख्यतः चित्रकलेचे, अजून चोरून विकले जातात. मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. बारीक लायनरसाठी चित्रकलेच्या दुकानात जाणाऱ्यांनी तर आधी नक्की विचारावं की केस कशाचे.

बारा किंवा चोवीस ब्रशांचा सेट घेण्याच्या मी विरोधात आहे. तीन पुरतात: रंग दाबून बसवायला चपटा, क्रीजमध्ये, म्हणजे पापणीच्या घडीत, कडा मिसळायला फुगीर निमुळता, आणि पापण्यांच्या केसांच्या मुळाशी रेघ पसरवायला पेन्सिलसारखा छोटा. दुकानात ब्रश उजेडाकडे धरून टोकं बघा, एका रेषेत सपाट कापल्यासारखी दिसली तर ठेवून द्या. मग डोळ्याखाली हलकेच टेकवा. तिथे टोचला तर पापणीवरही टोचणारच. फुगीर ब्रश दांड्याच्या शेवटाकडे धरा म्हणजे जोर आपोआप कमी पडतो, आणि रंग घ्यायला फक्त टोकं टेकवा. ब्रश पॅलेटमध्ये खुपसला की पावडर मुळाशी जाऊन बसते, पापणीपर्यंत येतच नाही. धुताना केस खाली ठेवा, धातूच्या नळीत पाणी गेलं की आतला गोंद सुटतो. वाळवायलाही उभा ठेवू नका, टेबलाच्या कडेला आडवा ठेवा, केस हवेत राहतील असा.