बेगोनियाला ऊन का सोसत नाही?

'रोप मलूल दिसतंय, जरा उन्हात ठेव,' हा सल्ला कुंड्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेला असतो, बहुतेकांनी दिलेलाही असतो. गुलाबाला तो लागू पडतो. बेगोनियाची कुंडी मात्र दुपारच्या उन्हात नेली की थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, आणि दोष खताला दिला जातो.

बेगोनियाच्या २००० हून अधिक प्रजाती ज्ञात आहेत. त्यांतल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या दमट जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात. घनदाट जंगलाच्या जमिनीपर्यंत वरच्या उजेडाचा एक-दोन टक्केच भाग पोचतो, आणि तोही उष्टा! लाल आणि निळा प्रकाश वरच्या पानांनी आधीच गिळलेला असतो. खाली उरतो तो मुख्यतः हिरवा, म्हणजे हरितद्रव्याला सर्वांत कमी पचणारा.

एवढ्यावर भागवायचं कसं? मलेशियातल्या बेगोनिया पॅव्होनिनाने काढलेली युक्ती मला वनस्पतिशास्त्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. याची पानं विशिष्ट कोनातून मोरपिसासारखी निळी चमकतात. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये या चमकीचा उलगडा प्रसिद्ध केला.

हरितलवकात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण जिथे चालतं त्या पेशीतल्या इवल्या हिरव्या कणात, थायलाकॉइड नावाची चपटी पटलं असतात, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. एरवी त्यांच्या चळती अस्ताव्यस्त पसरलेल्या असतात. पॅव्होनिनाच्या पानाच्या अगदी वरच्या त्वचेत मात्र इरिडोप्लास्ट नावाची वेगळीच हरितलवकं सापडतात. त्यांत तीन-चार पटलांची एक चळत, मग ठरावीक अंतर, मग पुढची चळत, अशी शिस्तशीर मांडणी असते. प्रत्येक चळतीवरून थोडा प्रकाश परततो. अंतर सारखं असल्यामुळे परतणाऱ्या निळ्या लहरी एकमेकींशी ताल जुळवून बळावतात. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात ते याच न्यायाने. पान वाटलं तर निळा रस निघणार नाही, कारण निळं रंगद्रव्य तिथे नाहीच.

पण उपाशी झाडाने हातचा निळा प्रकाश परत का करावा? खरी गंमत इथेच आहे. निळा तसाही फारसा पोचत नाही. मात्र परावर्तित होणाऱ्या पट्ट्याच्या लगतची जी हिरवी तरंगलांबी, तिचा वेग या थरांमध्ये मंदावतो. लहर आतल्या आत मागेपुढे होते आणि तिची तीव्रता नेमकी पटलांपाशी, म्हणजे हरितद्रव्य असतं तिथेच, एकवटते. हरितद्रव्याला हिरवा प्रकाश टिपायची जास्त संधी मिळते. मंद उजेडात प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता त्यामुळे ५ ते १० टक्क्यांनी वाढते, असं त्या अभ्यासात दिसलं.

जाता जाता: कुठूनही पाहा, निऑनसारखीच निळी दिसणारी 'दुर्मिळ निळ्या बेगोनिया'ची छायाचित्रं आणि त्याखाली बियांची जाहिरात दिसली, तर पैसे वाचवा. खरी चमक कोन बदलला की मावळते.

सगळेच बेगोनिया ही युक्ती वापरत नाहीत. रेक्स बेगोनियावरचे चंदेरी पट्टे त्वचा आणि खालच्या हिरव्या पेशी यांच्यामधल्या हवेच्या पोकळीमुळे दिसतात. वॅक्स बेगोनिया तर बऱ्यापैकी ऊन सोसतो. पण घरातल्या पानशोभेच्या जाती मूळच्या सावलीतल्याच. त्यांची यंत्रणा थोडक्यात भागवण्यासाठी बनलेली असते, प्रखर उन्हातली जादा ऊर्जा तिला झेपत नाही. म्हणून जागा खिडकीजवळची, भरपूर उजेडाची, पण थेट उन्हाची नको. सकाळचं कोवळं ऊन चालतं. दांडे लांबट होऊन झुकायला लागले तर उजेड कमी पडतोय असं समजा.

उन्हाखालोखाल बेगोनिया मरतो तो पाण्याने. माती सतत चिंब राहिली की तिच्यातल्या पोकळ्यांमधली हवा जाते, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पानं माना टाकतात. ते बघून माणूस आणखी पाणी घालतो. आधी मातीत बोट घालून बघा. वरचा थर कोरडा असेल तरच पाणी द्या. कुंडी उथळ आणि खाली भोकं असलेली हवी. कोंदट हवेत पानांवर पांढरी भुरी चढते, तेव्हा कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

रोप गेलंच, तरी एखादं धड पान उरलं असेल तर टाकू नका. रेक्सच्या पानाच्या मागच्या जाड शिरांना ब्लेडने छेद द्या आणि पान ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) पालथं न घालता, शिरा खाली टेकतील असं पसरा. छेदांपाशी मुळं आणि इवली रोपं फुटतात. याला काही आठवडे लागतात. तोवर पान उचलून बघायचा मोह आवरा, नव्या मुळांचे तंतू तेवढ्यानेही तुटतात.