काच धडधाकट, दुखणं जोडात

घरातलं इंटरनेट बंद पडलं की आपण ‘लाइन’ला दोष देतो. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल तर तो बरोबरही असतो. एरवी मात्र फायबरची काच सहसा दगा देत नाही. संशय घ्यायचा तो आधी जोडांवर.

या काचेची निर्मळता थक्क करणारी आहे. काचेत प्रकाश हरवतो तो मुख्यतः तिच्यातल्या अशुद्धींमुळे, हे संशोधक चार्ल्स काव यांनी १९६६ साली इंग्लंडमध्ये दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. ही घट मोजायचं माप म्हणजे डेसिबल. तेव्हा उद्दिष्ट होतं किलोमीटरमागे २० डेसिबलपेक्षा कमी घट, म्हणजे शंभरातला निदान एक भाग तरी पलीकडे पोचावा. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची घट किलोमीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास असते. शंभरातले पंच्याण्णव भाग पोचतात. काचेचा तंतू १२५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड, आणि प्रकाश वाहून नेणारा त्याचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. भोवतालच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, किंचित कमी असल्यामुळे प्रकाश गाभ्यातच कोंडून राहतो.

विजेला जायला-यायला दोन तारा लागतात, इथे एकच तंतू पुरतो. कंपनीकडून घरी येणारा प्रकाश बहुधा १४९० नॅनोमीटरचा आणि घरून जाणारा १३१० नॅनोमीटरचा. तरंगलांबी वेगळी असल्यामुळे दोघांची गल्लत होत नाही. वाटेत स्प्लिटर नावाचा छोटा भाग एकाच तंतूतला प्रकाश ३२ घरांत वाटतो. त्याला वीज लागत नाही, पण वाटणीची किंमत पडतेच: सुमारे १७ डेसिबल.

हा डेसिबल नीट समजून घेण्यासारखा आहे. ३ डेसिबल गेले की प्रकाश निम्मा उरतो, १० गेले की एक दशांश. फायबरवाला पॉवर मीटर लावून ‘उणे वीस’ म्हणतो, ते डीबीएम, म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल; उणे वीस म्हणजे त्या मिलिवॉटचा शंभरावा भाग. एवढ्यावर घरातला डबा, म्हणजे ओएनटी, आरामात चालतो. नेहमीच्या जीपॉन, म्हणजे अशा स्प्लिटरवाल्या जोडणीत आकडा साधारण उणे २७ च्या खाली गेला की डबा अडखळू लागतो, आणि मग ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लागतो.

आता जोडांचा हिशेब पाहा. १३१० नॅनोमीटरला एक किलोमीटर काच सुमारे ०.३५ डेसिबल खाते. एक साधा कनेक्टरही जवळपास तेवढंच खातो. स्प्लायसिंग मशीनवर वितळवून केलेला जोड त्याहून कितीतरी सरस, ०.०५ च्या आसपास. कनेक्टरचं झाकण काढलं की अडीच मिलिमीटर जाडीची पांढरी सिरॅमिकची नळी दिसते आणि तिच्या टोकाच्या मधोमध तो ९ मायक्रॉनचा गाभा. धुळीचा एक कण किंवा बोटाचा तेलकट डाग तिथे बसला की प्रकाशाची वाटच अडते. म्हणून ते टोक बोटाने पुसायचं नाही, त्यावर फुंकरही मारायची नाही. आत डोकावायचं तर मुळीच नाही, कारण हा अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

रंगालाही अर्थ आहे. हिरव्या, एपीसी कनेक्टरचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, त्यामुळे परावर्तित प्रकाश उलटा गाभ्यात शिरत नाही. निळ्या यूपीसीचं टोक सरळ, किंचित गोलसर. हिरवा निळ्यात बसतो, पण टोकं नीट भिडत नाहीत आणि मध्ये हवेची फट राहून बराच प्रकाश वाया जातो. ही चूक वरून दिसत नाही, म्हणूनच ती छळते. पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी फायबर केबल, बदलताना रंगाला रंग जुळवाच.

विजेचा लूज कॉन्टॅक्ट तापतो, ठिणगी टाकतो. प्रकाशाचा जोड बिघडला तरी चाहूल लागत नाही. तंतू कपाटामागे करकचून वाकला असेल तरी तसंच. तपासणीचा लाल लेझर सोडला की नेमकी तीच जागा लालसर चमकते.

वीज मात्र घरची लागते. जुन्या लँडलाइनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट मिळत, म्हणून लाइट गेली तरी फोन चालू राहायचा. काचेतून वीज येत नाही, त्यामुळे ओएनटीला स्वतःचा अडॅप्टर असतो, बहुधा १२ व्होल्टचा. तो बदलायचा झाला तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर डब्यावर लिहिलंय तितके किंवा जास्त चालतील आणि पिनमधली धन-ऋण खूण जुळायला हवी. लहान डीसी यूपीएस घेतानाही हेच पाहायचं. राउटर वेगळा असेल तर बॅकअप त्यालाही लागेल.