डॉज विरुद्ध फोर्ड मोटर कंपनी

कंपनीचा नफा भागधारकांना लाभांश म्हणून वाटावा की धंद्यातच पुन्हा गुंतवावा, या वादावर अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये निकाल दिलेला प्रसिद्ध खटला.

जॉन व होरेस डॉज हे बंधू १९०३ पासून, म्हणजे कंपनीच्या स्थापनेपासून, फोर्डचे १० टक्क्यांचे भागधारक होते आणि फोर्डच्या मोटारींची इंजिने त्यांच्याच कारखान्यात बनत. १९१४ मध्ये त्यांनी स्वतःची मोटार बाजारात आणली. त्या धंद्याला फोर्डकडून मिळणाऱ्या लाभांशाचा मोठा आधार होता. १९१६ मध्ये कंपनीकडे सुमारे ११.२ कोटी डॉलरचा संचित नफा असताना हेन्री फोर्ड यांनी विशेष लाभांश थांबवला. २० लाख डॉलर भागभांडवलावर दरमहा ५ टक्के, म्हणजे वर्षाला १२ लाख डॉलर, एवढाच नियमित लाभांश उरला. त्याच वर्षी मोटारीची किंमत ४४० वरून ३६० डॉलरवर आली आणि रूज नदीकाठी नवा कारखाना व लोखंडाच्या भट्ट्या उभारण्याचे ठरले. याविरुद्ध डॉज बंधूंनी न्यायालयात दावा दाखल केला.

फोर्ड यांची बाजू त्यांच्याच शब्दांनी अडचणीत आली. स्वस्त मोटार आणि मोठा कारखाना यांमुळे उद्या नफा वाढेल, हे साधे व्यापारी कारण त्यांना देता आले असते. त्याऐवजी त्यांनी अधिक माणसांना काम मिळावे आणि उद्योगाचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचावा, यावर भर दिला. व्यापारी कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते, असे सांगून न्यायालयाने सुमारे १.९३ कोटी डॉलर लाभांश वाटण्याचा आदेश कायम ठेवला. या निकालाचा दुसरा भाग मात्र अनेकदा विसरला जातो, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे : खालच्या न्यायालयाने भट्ट्यांवर घातलेली बंदी उठवण्यात आली, कारण धंदा कसा वाढवावा हे ठरवणे न्यायाधीशांचे काम नव्हे. फोर्ड यांचा वाटा निम्म्याहून अधिक असल्याने या लाभांशाचा सर्वांत मोठा हिस्साही त्यांनाच मिळाला. त्याच वर्षी त्यांनी अल्पसंख्य भागधारकांचे भाग विकत घेतले. डॉज बंधूंना २.५ कोटी डॉलर मिळाले.

भारतात कंपनी कायदा, २०१३ नुसार अंतिम लाभांशाची शिफारस संचालक मंडळ करते आणि तो वार्षिक सर्वसाधारण सभेत जाहीर होतो. सभेला शिफारशीपेक्षा कमी लाभांश मंजूर करता येतो, जास्त नाही.