कडक तेवढंच कापायचं, मऊ सोडायचं

हातपाय मोडून ज्यांनी प्लास्टर घातलंय त्यांना ती करवत नक्की आठवत असेल. घर्रर्र आवाज करत गोल पातं जवळ येतं, लहान पोरं तर आधीच रडायला लागतात, आणि मग डॉक्टर तेच चालू पातं स्वतःच्या तळहाताला हलकेच लावून दाखवतात की बघ, काही होत नाही. ते पातं गोल दिसतं पण गोल फिरत नाही, जागच्या जागी जरासं इकडून तिकडे थरथरतं एवढंच. प्लास्टर कडक असल्यामुळे त्याला हलता येत नाही आणि दाते ते कुरतडत जातात, कातडी मात्र लवचिक, ती दात्यांबरोबर थोडी सरकते आणि वाचते. (दाबून धरलं किंवा पातं तापलं तर चटका बसतो, ओरखडेही येतात, त्यामुळे घरी प्रयोग नको.) अमेरिकेतल्या मिशिगनचे ऑर्थोपेडिक सर्जन होमर स्ट्रायकर यांनी 1940 च्या दशकात ही करवत बनवली.

यात धार महत्त्वाची नाहीये, दोन वस्तूंमधला फरक महत्त्वाचा आहे. मोठा छेद घेऊन ऑपरेशन करताना सर्जन बोटाने चाचपून बघतो, इथे कडक लागतंय, इथे मऊ. पण दोन-तीन मिलिमीटरच्या नळीतून काम करायचं म्हटलं की बोट आत जात नाही, मग ती समज हत्यारातच भरावी लागते.

सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतलं रोटाब्लेटर. अँजिओप्लास्टीत बलून फुगवून स्टेंट बसवतात हे आता सगळ्यांना माहितीये, पण काही पेशंटच्या ब्लॉकेजमध्ये इतका कॅल्शियम साचलेला असतो की बलून फुगतच नाही, कधीकधी तर आतच शिरत नाही. त्यासाठी डेव्हिड ऑथ या अमेरिकन इंजिनियरने एक बर् (म्हणजे फिरून घासणारं टोक) बनवला, तिळापेक्षाही बारीक, पुढच्या अर्ध्या भागावर हिऱ्यांचे सूक्ष्म कण बसवलेले, आणि तो मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतो. हे रक्तवाहिनीच्या आत, धडधडणाऱ्या हृदयावर! भिंत फाटत कशी नाही? तर तेच, निरोगी भिंत लवचिक असते, हिऱ्याचा कण टेकला की ती बाजूला झुकते, आणि कॅल्शियमला झुकता येत नाही म्हणून तो घासला जातो. निघालेला चुरा बहुतेक 5 मायक्रॉनपेक्षा बारीक असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपली तांबडी रक्तपेशी 7-8 मायक्रॉनची, त्यामुळे तो चुरा केशवाहिन्यांतून सहज पुढे निघून जातो.

पण हे सगळं नीट चालवलं तरच. बर् जोरात पुढे रेटला तर उष्णता वाढते, कण मोठे निघतात, पुढच्या बारीक वाहिन्या तुंबू शकतात. म्हणून टेकवायचं, मागे घ्यायचं, परत टेकवायचं, एका वेळी 15-20 सेकंद, मग थांबायचं. मशीनवर फेऱ्यांचा आकडा दिसत असतो, तो 5,000 ने जरी पडला तरी समजायचं की आपण जास्त दाबतोय, आणि सराव असलेला डॉक्टर तर आकडा बघायच्या आधी नुसत्या आवाजावरूनच ओळखतो. अजून एक गंमत डिझाइनची: हिरे फक्त पुढच्या बाजूला आहेत, मागे गुळगुळीत, म्हणजे परत येताना विनाकारण काही घासू नये. पण त्याचमुळे अरुंद जागेतून बर् कसाबसा पलीकडे गेला आणि अडकला तर मागे येताना तो रस्ता कापू शकत नाही. क्वचित होतं, पण झालं की भयंकर. एका बाजूची सुरक्षितता दुसऱ्या बाजूने किंमत मागते ती अशी.

दातांच्या डॉक्टरांकडे याच तत्त्वाचं पिझोसर्जरी नावाचं हत्यार असतं, इटलीच्या टोमासो व्हर्चेलोटींनी पुढे आणलेलं. त्याचं टोक सेकंदाला 25 ते 30 हजार वेळा थरथरतं, त्यात हाड कापलं जातं आणि मऊ पडदा, नस शाबूत राहते. शिकताना कच्च्या अंड्यावर सराव करतात, टरफलाला चौकोनी खिडकी पाडायची आणि आतलं पातळ पापुद्र्यासारखं आवरण फुटू द्यायचं नाही. तेच थरथरणं 50 हजारांच्या वर नेलं की मऊ भागही कापला जायला लागतो.

मोतीबिंदूचं फेको, म्हणजे अल्ट्रासाउंडने भिंग फोडून काढायची पद्धत, मात्र वेगळ्या वाटेने जातं. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांना दात साफ करायच्या अल्ट्रासाउंड मशीनवरून कल्पना सुचली आणि 1967 मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटवर ती वापरली. कडक भिंग फोडून ओढून घ्यायचं, पण त्यामागची पिशवी मधोमध जेमतेम 4 मायक्रॉन जाडीची, आणि ती थरथरणाऱ्या सुईच्या टोकाशी आली तर फाटणारच. इथे वाचवायचं काम पाण्याच्या दाबावर आहे. तुकडा सुईच्या तोंडाशी अडकला की नळीत व्हॅक्यूम वाढत जातो, तो सुटला की पाणी एकदम खेचलं जातं, डोळ्याच्या आतली जागा बसते आणि पिशवी पुढे झेपावते. त्यामुळे या मशीनवरची कितीतरी मेहनत सुईपेक्षा नळीवर आणि पंपावर झालीये, कडक नळ्या, दाब ओळखणारे सेन्सर, आणि पायाखालचं पेडल, ज्यात आधी नुसतं पाणी, अजून दाबलं की ओढणं, पूर्ण दाबलं की अल्ट्रासाउंड.

मेंदूच्या ट्यूमरमध्ये मात्र या सगळ्या युक्तीची हद्द दिसते. तिथे वापरतात त्या अल्ट्रासॉनिक अ‍ॅस्पिरेटरचं पोकळ टायटॅनियमचं टोक पाणीदार पेशी फोडून ओढून घेतं आणि चिवट तंतू असलेल्या रक्तवाहिन्या बऱ्याचशा मागे सोडतं. पण त्याला कळतं ते फक्त चिवट आणि पाणीदार, कॅन्सर कळत नाही. शेजारचा चांगला मेंदूही मऊच असतो, तो तितक्याच सहज ओढला जातो, आणि उलट ट्यूमर कॅल्शियम साचून टणक झालेला असेल तर काम रखडतं. म्हणून सीमा कुठे आहे हे सर्जनला मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये झोल्टान टाकाट्स यांच्या टीमने 2013 मध्ये दाखवलेली आयनाइफ मला म्हणून फार आशेची वाटते. विजेच्या सुरीने कापताना जो धूर निघतो तो एरवी शोषून टाकून देतात, यांनी तो थेट मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) सोडला आणि त्यातल्या चरबीच्या रेणूंवरून आत्ता कापलेला भाग ट्यूमरचा की निरोगी हे काही सेकंदांत सांगितलं. अडचण एवढीच की धूर निघतो म्हणजे तेवढा भाग कापून झालेला असतो, आणि मेंदूत तो एक मिलिमीटरही पुष्कळ असतो.