व्हायलमधला ससा

जुलैचा मंगळवार. हिंदमाताला गुडघाभर पाणी, आणि आमचं पार्सल त्या पाण्याच्या पलीकडे कुठल्याशा टेम्पोत अडकलेलं. परळच्या एका प्रयोगशाळेत मी तेव्हा पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. संध्याकाळी साडेसहाला थर्माकोलचा खोका हातात पडला, तोवर आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. मी रडकुंडीला आले. मॅडमनी एवढंच विचारलं, "मध्ये गोठलं नव्हतं ना? मग फ्रीजमध्ये ठेव आणि घरी जा, गाड्या बंद पडतील." पार्सलमध्ये होतं ते प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, एखाद्या ठराविक प्रथिनाला पकडणारा रेणू. तो तसा चिवट. एखादा दिवस उकाड्यात काढतो. पुन्हा पुन्हा गोठणं आणि वितळणं मात्र त्याला सोसत नाही.

खोक्यात करंगळीच्या पेराएवढी व्हायल, म्हणजे कुपी, होती. आत १०० मायक्रोलिटर द्रव, म्हणजे दोनेक थेंब. किंमत तीस हजारांच्या वर. लेबलवर आम्हाला हव्या असलेल्या प्रथिनाचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात 'रॅबिट पॉलिक्लोनल'. त्या दोन शब्दांनी पुढचे आठ महिने माझी झोप उडवली, म्हणून ते नीट सांगते.

शब्द परका असला तरी वस्तू परळला जुनी आहे. हाफकिनची सर्पदंशावरची लस आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. खरं तर ती लस नव्हे, तयार प्रतिपिंडं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष अगदी थोड्या मात्रेत घोड्याला टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात, आणि घोड्याच्या रक्तात विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार झाली की ती वेगळी काढतात. ही मूळ युक्ती बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वातावर दाखवली होती. घोड्याच्या शरीरात बी पेशींचे, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, असंख्य प्रकार असतात आणि प्रत्येकीकडे एकाच आकाराचं प्रतिपिंड असतं. परकं प्रथिन आलं की त्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांना जुळणाऱ्या अनेक पेशी जाग्या होतात आणि प्रत्येक आपला स्वतंत्र वंश वाढवते. अशा एका वंशाला क्लोन म्हणतात. अनेक वंशांची सरमिसळ ती पॉलिक्लोनल.

संध्याकाळी सातला दादर स्टेशनात एका माणसाला शोधायचंय असं समजा. दहा जण पाठवले. एकाला त्याच्या मिशा माहीत, दुसऱ्याला चाल, तिसऱ्याला खांद्यावरची झोळी. माणसाने टोपी काढली, छत्री उघडली, तरी दहातले पाच-सहा त्याला गाठतीलच. हे पॉलिक्लोनल. मोनोक्लोनल म्हणजे फक्त टोपी ओळखणारा एकच माणूस, पण त्याच्या हव्या तितक्या हुबेहूब प्रती. ते तंत्र कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधलं आणि १९८४ चं नोबेल मिळवलं. टोपी डोक्यावर असेल तोवर हा गडी अचूक. दहा जणांच्या टोळीची भानगड वेगळी: तशीच झोळी घेतलेल्या भलत्याच माणसाची कॉलर कुणीतरी धरतो.

आता ससाच का? औषधाला लिटरच्या लिटर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव, लागतं, तिथे घोडा हवा. प्रयोगशाळेचं काम मिलिलिटरमध्ये भागतं. उंदराच्या अंगात रक्तच किती! सशाचं एका वेळी वीसेक मिलिलिटर काढता येतं, आणि कानाच्या कडेची शीर इतकी स्पष्ट दिसते की हात बसलेला माणूस सशाला फारसा त्रास न देता ते काढतो. आणखी एक कारण मला जास्त आवडतं. ससा उंदराच्या कुळातला नाही, कृंतक नाही. आमचं निम्मं संशोधन उंदरांवर चालतं. उंदराचं प्रथिन उंदराला टोचलं तर त्याचं शरीर त्याला घरचंच समजून सोडून देतं. सशाला उंदराचंही परकं, माणसाचंही परकं.

बहुतेक वेळा अख्खं प्रथिन टोचत नाहीत. त्यातला पंधराएक अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवतात. एवढासा तुकडा शरीराच्या खिजगणतीत येत नाही, म्हणून तो एका समुद्री गोगलगायीच्या रक्तातल्या भल्यामोठ्या प्रथिनावर चिकटवतात. आधी सशाचं कोरं रक्त तुलनेसाठी काढून ठेवायचं, मग पहिलं इंजेक्शन, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचं, आणि दोन-तीन महिन्यांनी सीरम. यातल्या प्रत्येक पायरीला प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि ती लागावीच. सीरममध्ये सशाची आयुष्यभराची प्रतिपिंडं असतात, त्यातली आपल्या कामाची थोडीच. ती वेचायला तोच तुकडा बारीक मण्यांवर चिकटवून त्यातून सीरम सोडतात. कामाची प्रतिपिंडं अडकतात, बाकीची वाहून जातात, आणि अडकलेली मग आम्लाने सोडवून घेतात.

हे दोन थेंब वापरायचे वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे पेशींच्या अर्कातून एकच प्रथिन हुडकायच्या चाचणीत. पेशींचा अर्क साबणासारख्या रसायनात उकळायचा. त्यात जे सल्फरचं द्रव घालतात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. एकदा केसांत तो घेऊन मी लेडीज डब्यात चढले आणि करी रोडला बसायला जागा मिळाली. उकळल्यावर प्रथिनांच्या घड्या उलगडतात, म्हणजे बऱ्याचदा टोपी पडतेच, म्हणून इथे टोळी उपयोगी. जेलमध्ये वीज सोडली की लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे राहतात. तो सगळा नकाशा पातळ पडद्यावर उतरवायचा. पडद्याची मोकळी जागा भरून काढायला काय वापरतात? स्निग्धांश काढलेली दूध पावडर. मग सशाचं प्रतिपिंड एकास हजार पातळ करून रात्रभर थंडीत हलवत ठेवायचं. सकाळी धुऊन त्यावर बकरीचं प्रतिपिंड घालायचं, जे 'ससा' ओळखतं. त्याला हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळातलं विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेलं असतं. वर ल्युमिनॉल हे रसायन ओतलं की विकर त्याला उजळवतं, जिथे प्रथिन आहे तिथे प्रकाश आणि फोटोत काळा पट्टा.

ससा, बकरी, गोगलगाय, गाईचं दूध आणि एक झाडाचं मूळ. रेणूजीवशास्त्र म्हणजे स्टीलच्या यंत्रांचं शास्त्र, असं ज्यांना वाटतं त्यांनी आमचा फ्रीज उघडून पाहावा.

माझा पट्टा पहिल्या दिवसापासून सुंदर आला. एकच, ठळक. व्हायल संपली, त्याच कंपनीची, त्याच क्रमांकाची दुसरी मागवली. लेबलवर फक्त लॉट नंबर वेगळा. आणि पडद्यावर तीन पट्टे!

कंपनीने ईमेलवर उत्तर दिलं ते चुकीचं नव्हतं: नवा लॉट, नवा ससा. दोन सशांना एकच तुकडा टोचला तरी कुठल्या पेशी जाग्या होतील हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं. पहिल्या सशाची टोळी त्याच्याबरोबर संपली. आकारावरून खरा पट्टा निवडावा, तर आकारही फसवतो. कर्करोगाच्या अभ्यासातलं प्रसिद्ध पी५३ हे १९७९ मध्ये सापडलेलं प्रथिन. जेलमध्ये ते ५३ किलोडाल्टनपाशी (हे रेणूंच्या वजनाचं एकक) दिसलं म्हणून हे नाव. प्रत्यक्षात त्याचं वजन ४४ च्या आसपास आहे.

असं फसणं मलाच झालं असंही नाही. टोरांटोतल्या एका गटाने स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी एक नवं प्रथिन मोजायला तयार किट घेतलं. दोन वर्षं आणि सुमारे पाच लाख डॉलर गेल्यावर कळलं, किटमधलं प्रतिपिंड सीए१२५ या भलत्याच प्रथिनाला चिकटत होतं. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथुन या संशोधकांनी शंभरावर सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मागणी केली की प्रतिपिंडांचा अमिनो आम्लांचा क्रम जाहीर असावा आणि ती प्राण्यांऐवजी प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये बनवावीत. म्हणजे ससा गेला तरी सूत्र उरतं. मागणी रास्त आहे. पण 'पॉलिक्लोनल म्हणजे भंगार' हा सूर मला पटत नाही. स्तनाच्या गाठीत हर-टू प्रथिन किती आहे हे पाहून औषध ठरवतात. १९९८ मध्ये अमेरिकेत हर्सेप्टिन या औषधासोबत मान्यता मिळालेल्या हर्सेपटेस्ट या चाचणीत सशाचं पॉलिक्लोनलच होतं. फरक इतकाच, की ते आधी कसून तपासलेलं होतं.

तपासायची सरळ वाट मॅडमनी दाखवली, मीच टाळत होते. पेशींमधलं आपल्या प्रथिनाचं जनुक आरएनएच्या तुकड्यांनी गप्प करायचं, म्हणजे ते प्रथिन बनणं थांबतं, आणि कुठला पट्टा जातो ते पाहायचं. फेब्रुवारीत ते जमलं. तीनपैकी मधला, सगळ्यात फिकट पट्टा गेला. वरचा ठळक, ज्याचे सुबक फोटो मी पहिल्या व्हायलपासून जमवत आले होते, तो जागच्या जागी. तो नेमका कुणाचा होता हे शोधायचं मनात होतं, पण जुन्या सशाचा थेंबही शिल्लक नव्हता.