तांबी काळजापर्यंत चढते?

कोल्हापुरात बाळंतिणीच्या खाटेशी बसलेली एखादी आत्या हमखास सांगते, "तांबी नको बसवूस गं, वर चढती आन् काळजात जाऊन बसती." पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही गोष्ट साफ खोटी आहे.

तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून बसवतात ती कॉपर-टी, बसते गर्भपिशवीत, आणि तिथून काळजाकडे जायला वाटच नाही. पिशवीच्या वरच्या कोपऱ्यांत बीजनलिकांची तोंडं असतात, पण ती जेमतेम मिलिमीटरभर. सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात त्या ३८०-ए तांबीची रुंदी ३२ मिलिमीटर. जाणार कुठनं?

ही भीती बहुधा तांबीच्या खाली लोंबणाऱ्या दोऱ्यामुळे पसरली असावी. दोरा बोटाला लागेनासा झाला की 'वर गेली'! बहुतेक वेळा तो नुसता गर्भाशयाच्या मुखात वर ओढला गेलेला असतो. कधी तांबी पाळीत नकळत पडूनही जाते, म्हणजे वर नव्हे, खाली. क्वचित, साधारण हजारात एखादीला, ती पिशवीच्या भिंतीतून पोटात जाते, तेही बहुधा बसवतानाच. मग दुर्बिणीने काढतात. म्हणून दोरा लागला नाही तर सोनोग्राफी करून घ्यावी आणि तोवर निरोध वापरावा.

त्रास अजिबात होत नाही, असं मात्र कुणी सांगू नये. पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जातं, कळा येतात. मुळात रक्त कमी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं. नकोशी झाली तर तिची दहा वर्षांची मुदत संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. कधीही काढता येते, आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात.