थेरेमिन : घरी जोडायच्या वाद्याची पूर्वपीठिका

स्पर्श न करता वाजणारे थेरेमिन हे वाद्य एका मोजमापाच्या उपकरणातून निघाले. पेट्रोग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) भौतिक-तंत्रशास्त्र संस्थेत १९२० मध्ये रशियन शास्त्रज्ञ लेव तेरमेन वायूंचे विद्युत गुणधर्म मोजण्याची जुळणी करत होते. आपला हात जवळ नेला की हेडफोनमधला स्वर चढतो आणि मागे घेतला की उतरतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ते चेलो शिकलेले होते, त्यामुळे त्या चढउतारावर त्यांनी तिथेच ओळखीच्या चाली काढून पाहिल्या.

या वाद्यात मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेचे दोन ऑसिलेटर, म्हणजे विद्युत कंपने निर्माण करणारी सर्किटे, असतात. एकाची वारंवारता स्थिर ठेवलेली असते, तर दुसऱ्याला उभी दांडी जोडलेली असते आणि वादकाचा हात त्या दांडीजवळ येताच कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) किंचित वाढून त्याची वारंवारता ढळते. समजा, एक सेकंदाला १,७०,००० आणि दुसरा १,७०,४४० कंपने करत असेल, तर आपल्याला दोहोंतला फरक, म्हणजे ४४० कंपनांचा स्वर, ऐकू येतो. डावा हात आडव्या वळशाजवळ हलवून आवाज लहानमोठा करता येतो. पडदे किंवा पट्ट्या नसल्याने मींड आपोआप येते; अवघड असते ते स्वरावर नेमके थांबणे.

अमेरिकेत तेरमेन यांना १९२८ मध्ये पेटंट मिळाले आणि आरसीए या रेडिओ कंपनीने पुढच्या वर्षी हे वाद्य बाजारात आणले; पण सुमारे ५०० नग तयार झाले आणि उत्पादन थांबले. किंमत मोठी, त्यात मंदीचे दिवस, शिवाय ‘कुणालाही वाजवता येईल’ ही जाहिरात खरी नव्हती. ते किती कठीण आहे आणि किती सुंदर वाजू शकते, हे क्लारा रॉकमोर यांनी दाखवून दिले. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या या वादिकेने हवेतच बोटे उघडण्या-मिटण्याची स्वतंत्र पद्धत बसवली.

कंपनीने हात काढून घेतल्यावर हे वाद्य टिकले ते घरी जोडणाऱ्यांमुळे, असे माझे ठाम मत आहे. रॉबर्ट मोग यांनी पंधरा वर्षांचे होण्याआधीच न्यूयॉर्कमधल्या घरी पहिले थेरेमिन जोडले, १९५४ मध्ये त्याच्या बांधणीवर नियतकालिकात लेख लिहिला आणि १९६१ मध्ये ट्रान्झिस्टरवर चालणारा संच काढला. सुट्या भागांचे असे सुमारे हजार संच विकले गेले. हर्बर्ट डॉइच या संगीतकारानेही मोग यांचे थेरेमिन जोडले होते; त्याच धाग्यावरून १९६३ मध्ये दोघांची ओळख झाली आणि पुढच्याच वर्षी मोग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा पहिला नमुना उभा राहिला.

आज साधे थेरेमिन ४०९३ क्रमांकाची स्वस्त आयसी (सर्किटची चिप) वापरूनही करता येते, मात्र जुळवणीतली नजाकत तीच आहे. पेटी लाकडीच बरी, कारण धातूची पेटी हाताचा परिणाम अडवते. ऑसिलेटरची वारंवारता जुळवणारी कॉइल (तारेचे वेटोळे) फिरवायला पेचकस प्लॅस्टिकचा घ्यावा. लोखंडी पाते जवळ नेले तरी स्वर हलतो. दोन्ही ऑसिलेटर जुळत आले की शिट्टी खाली खाली उतरते, जाड गुरगुर होते आणि मग पूर्ण शांतता पसरते. त्यानंतर एक पाऊल मागे सरून हात खाली सोडावेत आणि शांतता टिकते का ते ऐकावे. जोडणाऱ्याचे शरीरही त्या सर्किटचाच भाग असल्याने पुष्कळदा कॉइल पुन्हा थोडी फिरवावी लागते.